ज्याचं लाल, त्यालाच दिसावं

दूध संघात नोकरी केली म्हटलं की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, घरी दूध फुकट मिळायचं का. नव्हतं मिळत. दुसरा प्रश्न असतो, मग तुम्ही तिथं करत काय होता. इतकी वर्षं मी "कॉम्प्युटर विभागात होते" एवढंच सांगून मोकळी व्हायची. निवृत्त झाल्यापासून जीभ जरा सैल सुटली आहे. आता मी सांगते, "संघात कुणाला काय दिसावं आणि कुणी कशाला हात लावावा, हे मी ठरवत होते." पाहुणा हातातली बशी खाली ठेवतो. एवढ्या मोठ्या माणसांचं ह्या बाईनं ठरवायचं, हे काही त्याच्या गळी उतरत नाही. खरं सांगू का, त्याचा तो चेहरा बघायला मला फार आवडतं.

संघाचं नाव लिहीत नाही. कोल्हापुरात दुधाचं नाव घेतलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं ते आम्ही नव्हतो. आमचा संघ लहान, शिरोली एमआयडीसी ओलांडून पुढं गेलं की उजव्या हाताला. मी तिथं टायपिस्ट म्हणून लागले. नव्वदच्या दशकात पहिले कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढायलाही कुणी धजत नव्हतं. मी काढलं. एवढ्या भांडवलावर माझी कॉम्प्युटर विभागात बदली झाली आणि बाकीचं मी शिकत गेले. पुढं माझ्या हाताखाली इर्शाद मुल्ला आला. वायरी, खांबावरचे डबे, छतावरच्या अँटेना, सगळं त्याचं. आम्ही दोघं मिळून कॉम्प्युटर विभाग. खोली एक, पंखा एक, आणि तोही सर्व्हरकडं तोंड करून.

दोन हजार सालानंतर संघात सर्व्हर वाढले. गावोगावच्या संकलनाचा हिशेब एकावर, पॅकिंगचा एकावर, प्रयोगशाळेचा, वाहतुकीचा वेगळा. एवढ्या यंत्रांवर डोळा कोण ठेवणार? म्हणून देखरेखीचं सॉफ्टवेअर घेतलं. ज्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पडद्यावर प्रत्येक यंत्राचा एक चौकोन असतो. यंत्र धडधाकट असेल तर चौकोन हिरवा. कुरकुरायला लागलं की पिवळा. गचकलं, किंवा आता गचकणार असं दिसलं, की लाल. शिवाय आणखी एक सोय असते. समजा तुम्ही एखादं यंत्र मुद्दाम बंद करून दुरुस्तीला घेतलं, तर सॉफ्टवेअरला सांगायचं, "ह्याच्याकडं सध्या बघू नको." मग तो चौकोन करडा होतो आणि काहीही झालं तरी लाल होत नाही. ही करडी सोय नीट लक्षात ठेवा, सगळं रामायण तिच्यातनंच झालं.

सॉफ्टवेअर आलं तेव्हा आमचे कार्यकारी संचालक, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, भलतेच खूश झाले. त्यांनी मीटिंगच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठा टीव्ही लावून घेतला आणि सगळे चौकोन त्याच्यावर. लॉगिन मात्र अख्ख्या संघाला एकच. नाव ॲडमिन, आणि पासवर्ड सगळ्यांना पाठ. मी सुरुवातीला म्हणाले होते की हे बरं नव्हे. पण आमच्याकडं शेजारी परगावी निघाला की किल्ली आपल्याकडं देऊन जातो. कुणी किल्ली मागितली आणि आपण दिली नाही, तर तो तोंडावर चोर म्हटल्यासारखा अपमान होतो. त्यामुळं पासवर्ड जो मागेल त्याला मिळाला. वॉचमनलासुद्धा ठाऊक होता. कुणी विसरलं तर विचारायला गेटवर हमखास तोच सापडायचा.

आता सकाळची मीटिंग डोळ्यांसमोर आणा. लांब टेबल, साहेब मध्ये, सगळे विभागप्रमुख दोन बाजूंना, आणि भिंतीवर चौकोन. पॅकिंगचे प्रमुख बाजीराव चौगुले, म्हणजे आमचे बाजीराव आण्णा. अंगानं आडवे, आवाज असा की मशीन चालू असताना त्यांना फोन लागत नसे, ते थेट दारातनंच बोलत. त्यांच्या समोर संकलनचे शिंदे. सडपातळ, मितभाषी, आणि मिशी फार व्यवस्थित राखलेली. दोघांचं का बिनसलं होतं ते त्यांनाही आठवत नसावं. पॅकिंगचा चौकोन लाल दिसला की शिंदे काही बोलत नसत, नुसते टीव्हीकडं बघून मिशीला हात लावत. बाजीराव आण्णांच्या कानाची पाळी लाल व्हायची. दुसऱ्या दिवशी शिंद्यांचं काही लाल असलं तर आण्णा मोठ्यांदा विचारत, गावाकडं म्हशी आटल्या का हो. साहेब हसत. साहेब हसले की टेबल हसे. मला वाटायचं, चालायचंच. कामाच्या ठिकाणी थोडी चेष्टा असायचीच.

मग ती कोजागरी आली. आमच्या धंद्यात दिवाळी-दसऱ्याला श्रीखंडाची धावपळ असते, पण दुधाचा खरा दिवस म्हणजे कोजागरी. कोल्हापुरात त्या दिवशी गच्ची तिथं पातेलं. दुपारची जादा गाडी प्रत्येक भागात जाते आणि गेटवरचा नियम असा की छापील चिठ्ठीशिवाय गाडी बाहेर पडत नाही. कुठल्या दुकानाला किती पिशव्या, ते त्या चिठ्ठीवर. चिठ्ठ्या छापायचा पॅकिंगचा सर्व्हर. त्या दुपारी तो बंद पडला. डिस्क काठोकाठ भरली होती. अशी डिस्क एका दिवसात भरत नाही, ती आधी किती दिवस पिवळी, मग लाल दिसायला हवी होती. आमच्या पडद्यावर मात्र कुठंच लाल नव्हतं.

चिठ्ठ्या हातानं लिहायला घेतल्या. घाईत राजारामपुरीला दुप्पट गेलं आणि अर्ध्या शाहूपुरीला गेलंच नाही. इचलकरंजीची गाडी कबनूरच्या पुढं गेली तोवर लोकांनी दुसऱ्याचं दूध घेऊन टाकलं होतं. माझ्या स्वतःच्या जावेनं फोन करून विचारलं, तुमच्या संघाचं दूध आता चंद्रावर मिळतं का.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, ज्या विभागाला बसल्या जागी यंत्रं राखता येत नाहीत तो विभाग ठेवायचा कशाला? पुण्याच्या एका कंपनीचा प्रस्ताव त्यांच्याकडं आधीपासून पडून होता. तिथून सगळं सांभाळायचं, इथं माणूसच नको. पुढची कोजागरी हीच परीक्षा असं त्यांनी सांगून टाकलं. पुन्हा गाडी अडली तर कॉम्प्युटर विभाग बंद, कांबळे मॅडम, म्हणजे मी, भांडार विभागात, मुल्ला वजनकाट्यावर. इर्शादचं तेव्हा नुकतं लग्न झालं होतं आणि वायरीवाचून त्याला दुसरं काही गोड लागत नव्हतं. परत येताना तो जिन्यात एवढंच म्हणाला की मॅडम, वजनकाट्यावर मी काय करू? मला राग आला. साहेबांचा आला, स्वतःचा आला, त्या मुकाट चौकोनांचा तर फारच आला.

मी एकेक चौकोन उघडून बघायला बसले आणि चाटच पडले. अर्धाअधिक संघ करडा. रोज सकाळी लाल आहे का तेवढंच सगळे बघायचे, करड्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नव्हतं. पॅकिंग करडं, संकलन करडं, प्रयोगशाळेचे दोन करडे. म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी सगळीकडं दुरुस्ती चालू होती आणि प्रत्यक्षात कुठंच कुणी स्क्रूड्रायव्हर धरला नव्हता. कुणी केलं म्हणून बघायला जावं तर सगळीकडं एकच नाव, ॲडमिन. एका नावानं सगळे वावरले की कुणीच काही केलेलं नसतं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

मी सरळ पॅकिंगला गेले. बाजीराव आण्णा पिशव्यांच्या पट्ट्यापाशी उभे होते. मी विचारलं आणि त्यांनी एक पळभरही आढेवेढे घेतले नाहीत.

"व्हय, मीच केलतं," ते म्हणाले. "त्यात लपवायचं काय? रोज सकाळी चारचौघांत माझं लाल दिसतंय आणि त्यो शिंदे मिशीतल्या मिशीत हसतोय. तुमी माझ्या जागी असतासा तर काय केलं असतं, बाई?"

मी काय केलं असतं? मीही करडंच केलं असतं. तिथंच पट्ट्याच्या खडखडाटात माझ्या डोक्यात उजेड पडला. ह्या माणसांना यंत्र बिघडल्याचं दुःख नव्हतं. बिघडलेलं दुसऱ्यानं बघितल्याचं होतं. आणि मीच तो टीव्ही भिंतीवर लावायला स्टूल धरलं होतं.

सॉफ्टवेअरमध्ये विभागवार परवानग्या द्यायची सोय पहिल्यापासून होती, आम्ही तिला हात लावला नव्हता. प्रत्येक माणसाला स्वतःचं नाव द्यायचं. त्या नावाला एक भूमिका. भूमिकेवरून ठरतं की त्याला कुठले चौकोन दिसतील आणि कुठली बटणं दाबता येतील. मी साहेबांकडं गेले. साहेबांना वाटलं, मी चोर पकडायला निघाले आहे, म्हणून ते लगेच हो म्हणाले. मी त्यांचा गैरसमज तेव्हा दूर केला नाही. मला पकडायचं कुणालाच नव्हतं, मला त्या सगळ्यांच्या अब्रूवर एकेक पडदा टाकायचा होता.

मी मांडणी केली ती अशी. पॅकिंगला फक्त पॅकिंगचं दिसेल, संकलनला फक्त संकलनचं. आपलं लाल झालं की "बघितलं, कामाला लागलोय" हे बटण विभागाला. करडं करायचं बटण मात्र फक्त कॉम्प्युटर विभागाला, हवं असेल त्यानं फोन करायचा, कारण सांगायचं, आम्ही करू. आणि हॉलमधल्या टीव्हीवर सगळे चौकोन बंद. तिथं एकच मोठा चौकोन, दूध आत येतंय आणि बाहेर जातंय तोवर हिरवा. आतल्या एखाद्या यंत्राला ताप आला तरी काम थांबलेलं नसेल तर टीव्हीला त्याचं काही नाही.

हे ऐकल्यावर संघात जी रांग लागली ती अजून आठवते. लग्नाच्या पंगतीत कुणाला कुठं बसवलं यावरून जेवढे रुसवे निघत नाहीत तेवढे माझ्या खोलीत निघाले. ज्याला त्याला सगळं हवं होतं. लेखा विभागाला प्रयोगशाळेचं कशाला बघायचंय, विचारलं तर उत्तर, असू दे की, बघायला काय जातंय. एक कारकून तर म्हणाला, शेजारच्या टेबलावरच्याला जेवढं दिसतं त्याच्यापेक्षा एक चौकोन जास्त द्या, कुठलाही चालेल.

आणि गंमत बघा. पॅकिंग आणि शीतगृहाच्या मधल्या भिंतीवर एक स्विच होता, दिव्याचा नव्हे, नेटवर्कचा डबा, दोन्हीकडच्या कॉम्प्युटरच्या वायरी त्याच्यात. तो कुणाचा? ज्यांना अख्खा संघ हवा होता त्या दोघांनीही त्या स्विचपासून अंग काढून घेतलं, कारण तो महिन्यातनं एकदा तरी लाल व्हायचा. शीतगृहवाले म्हणाले भिंत पॅकिंगची, पॅकिंगवाले म्हणाले खिळा शीतगृहाचा. शेवटी मी तो आमच्या विभागाच्या नावावर दत्तक घेतला आणि दोघांनाही दाखवला. पुढच्या आठवड्यात इर्शादनं तो बदलूनच टाकला.

साहेबांना मी सगळं दिसेल असं केलं, पण बटण एकही दिलं नाही. त्यांना दिसेल ते दाबायची सवय होती. ते म्हणाले, संस्था मी चालवतो आणि मला बटण नाही? त्यांच्या पाठोपाठ आमचे एक संचालक आले, त्यांना सगळे तात्या म्हणत. खुर्चीत रेलून बसले, मी उभी.

"मी गावोगावच्या मतांवर निवडून आलोय," तात्या म्हणाले, "आणि तुमी मला सांगणार, कशाला हात लावायचा न्हाय म्हणून?"

"बघा, तात्या, सगळं बघा," मी म्हणाले. "पण हात लावायचा नाही."

हे वाक्य आमच्या घरात नवं नव्हतं. माझ्या वडिलांनी लहानपणी ते गावात विहिरीपाशी ऐकलं होतं, देवळाच्या पायरीपाशी ऐकलं होतं. धम्मदीक्षा घेतल्यावर त्यांनी ते ऐकून घ्यायचं बंद केलं आणि आम्हा पोरांना शाळा शिकवली. आता त्यांची लेक तेच वाक्य संचालकाला सांगत होती. फरक इतकाच की माझ्या वाक्याला कारण होतं आणि ते मी त्यांना शांतपणे समजावून दिलं. ज्यानं यंत्र दुरुस्त करायचं नाही त्यानं त्याचं बटण दाबलं तर लाल झाकलं जातं, बरं होत नाही. तात्या म्हणाले, बरोबर हाय तुमचं, आणि चहा मागवा म्हणाले. वडील असते तर हे सांगायला मी त्या दिवशी लवकर घरी गेले असते.

साहेबांचं पुढं काय झालं सांगते. दाबायला काही नाही म्हटल्यावर त्यांचा बघण्यातला रस महिन्याभरात आटला. त्यांच्या टेबलावरचा तो पडदा पुन्हा क्रिकेटच्या स्कोअरकडं वळला. आम्हाला ते बरंच पडलं.

काम झालं असं वाटलं तरी मला खात्री नव्हती. कागदावरची परवानगी आणि खऱ्या माणसाच्या हातातली परवानगी यांत फार अंतर असतं. म्हणून मी बाजीराव आण्णांना बोलावलं, त्यांच्या नावानं आत सोडलं आणि सांगितलं, आण्णा, शिंद्यांचं काही दिसतंय का बघा. असं काम त्यांना उभ्या नोकरीत कुणी दिलं नव्हतं. चष्मा सारखा करून बसले. यादीत नव्हतं. नकाशात नव्हतं. मला बरं वाटायला लागलं तेवढ्यात आण्णांनी रोजच्या अहवालाची ओळ उघडली आणि मांडीवर थाप मारली. शिंद्यांचे सगळे चौकोन त्यात नावानिशी, लाल-पिवळ्यासकट. मी दार लावलं होतं आणि खिडकी उघडी ठेवली होती. ती बंद केली. मग त्यांनी शोधायच्या रकान्यात "शिंदे" टाइप केलं, तिथूनही एक फट निघाली. तीही बुजवली. दुपारभर आण्णा शोधत होते आणि मी बुजवत होते. शेवटी ते कंटाळून म्हणाले, आता काय सापडंना. मग स्वतःच म्हणाले, म्हणजे त्याला पण माझं न्हाय सापडणार. मी हो म्हटलं. त्या माणसाचा चेहरा असा सैलावला की मला भरून आलं. किती दिवस सकाळचा चहा त्याला गोड लागला नव्हता, देव जाणे.

त्यानंतर आमच्या खोलीतला फोन वाजायला लागला. सुरुवातीला हळू आवाजात. प्रयोगशाळेतनं फोन, मॅडम, आमचं जरा पिवळं आहे, कुणाला सांगू नका. भांडारातनं फोन, एवढं बघून जा, गडबड करू नका. इर्शाद पायाला भिंगरी लावल्यासारखा फिरत होता आणि खूश होता. यंत्रं काही अचानक जास्त बिघडायला लागली नव्हती. ती पूर्वीही बिघडतच होती, फक्त तेव्हा ती करडी होती.

आणि वर्ष फिरून कोजागरी आली.

सकाळी मी घरातनं रोजच्यापेक्षा लवकर निघाले. इर्शाद माझ्याआधीच येऊन बसला होता. मीटिंगमध्ये टीव्ही हिरवागार होता. साहेबांनी एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि तो पुण्याचा प्रस्ताव टेबलावरच होता. मीटिंग उठली. आम्ही खोलीत येऊन बसलो, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडं पट्ट्याचा खडखडाट होता. बाजीराव आण्णा पहिल्यांदाच फोनवरून बोलत होते, एरवी ते दारात येऊन ओरडले असते.

"बाई," ते म्हणाले, "माझं लाल हाय. या."

आमच्या पडद्यावरही ते त्याच वेळी आलं होतं, पण मला खरं सांगायचं तर त्या लालपेक्षा ह्या चार शब्दांनी धडधडलं. पॅकिंगच्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या, एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर. एक गेली तरी दुसरीवर काम चालतं. त्यातली एक गेली होती. बाहेरून काहीच कळत नव्हतं, चिठ्ठ्या छापून येत होत्या, हॉलमधला टीव्ही हिरवा होता. पूर्वीच्या दिवसांत हे करडं होऊन गेलं असतं आणि दुपारपर्यंत कुणालाही पत्ता लागला नसता. दुसरी डिस्क तिच्याच वयाची होती आणि तिचा आवाज इर्शादला आवडला नाही. दुपारच्या जादा गाड्यांच्या आत सगळं दुसऱ्या यंत्रावर हलवायला हवं होतं.

दुसरं यंत्र संघात एकच मोकळं होतं, आणि ते शिंद्यांच्या ताब्यात. गावाकडच्या एखाद्या केंद्राचं बिघडलं तर पाठवायला म्हणून राखून ठेवलेलं. मी आण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, यंत्र मागायचं तर कशाला हवंय ते शिंद्यांना सांगावं लागेल. तुमची हरकत असेल तर मी दुसरं काही कारण सांगते. आण्णा पट्ट्याकडं बघत उभे राहिले. पिशव्या एकामागून एक पडत होत्या.

"कारण कशाला?" ते म्हणाले. "माझं लाल हाय म्हणूनच सांगा की त्याला."

मी शिंद्यांकडं गेले आणि सांगितलं. शिंद्यांनी मिशीला हात लावला नाही. ते उठले, कपाटाची किल्ली काढली, शिपायाची वाट न बघता यंत्र स्वतःच उचललं आणि अंगण ओलांडून पॅकिंगमध्ये आले. संकलनचा प्रमुख पॅकिंगच्या दारात यंत्र घेऊन उभा, हे दृश्य बघायला पट्ट्यावरचे लोक थांबले, तेव्हा आण्णांनी त्यांना कामाला लावलं. मग दोघांनी मिळून ते यंत्र टेबलावर ठेवलं. इर्शादनं वायरी जोडल्या, मी ऑर्डरी हलवल्या, दुकानांच्या याद्या तपासल्या, एक चिठ्ठी छापून बघितली, राजारामपुरीची. बरोबर आली. मग शाहूपुरीची. तीही बरोबर.

गाड्या लागायला सुरुवात झाली तेव्हा जुन्या सर्व्हरमधली दुसरी डिस्क एक कर्कश आवाज करून गप्प झाली. पडद्यावर जुना चौकोन पूर्ण लाल. बाजूच्या टेबलावर शिंद्यांच्या यंत्रातनं चिठ्ठ्या निघतच होत्या. इर्शाद मटकन खाली फरशीवर बसला आणि हसायला लागला. मलाही हसू आवरेना. गेटवरून एकेक गाडी बाहेर पडत होती, इचलकरंजी, कागल, गांधीनगर, वाडीच्या रस्त्याची, आणि वॉचमन प्रत्येकीची चिठ्ठी बघून हात हलवत होता. त्या दिवशी एकाही गच्चीवरचं पातेलं आमच्यामुळं रिकामं राहिलं नाही. माझ्या जावेचा फोन आला नाही, हे तिचं प्रशस्तिपत्रक मी समजते.

दुसऱ्या दिवशी मीटिंगला टीव्ही हिरवाच. साहेब म्हणाले, काल काही झालं नाही म्हणायचं. झालं होतं, पण ते सांगायचा अधिकार माझा नव्हता, मीच तसं ठरवून दिलं होतं. मग खुर्ची मागं सरकल्याचा आवाज झाला आणि बाजीराव आण्णा उभे राहिले.

"झालतं की, साहेब. माझं लाल झालतं," ते म्हणाले. "दोन्ही डिस्का गेल्या. बाईंनी आणि मुल्लानं निस्तारलं, आणि यंत्र शिंद्यांनी दिलं. स्वतः उचलून आणलं."

टेबलावर कुणी हसलं नाही. शिंदे खाली बघत होते आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. साहेबांनी पुण्याचा प्रस्ताव उचलला, शिपायाला हाक मारली आणि त्याच्या हातात देऊन नुसतं "फायलीला लावा" म्हणाले. त्यांच्या तोंडून शाबासकी निघणं कठीणच, पण जाताना त्यांनी इर्शादला विचारलं की तुमच्या खोलीत दुसरा पंखा आहे का. आठवड्यात आला. तोही आम्ही सर्व्हरकडं वळवला.

पुढं मी बरीच वर्षं तेच काम केलं. नवीन माणूस आला की त्याचं नाव उघडायचं, बदली झाली की बदलायचं, निवृत्त झाला की त्याच संध्याकाळी बंद करायचं. ह्या शेवटच्या नियमात मी कधी कुणाला सवलत दिली नाही. आण्णांचंही बंद केलं, तेव्हा ते शेजारी बसून बघत होते. एकच हळहळ वाटते. टीव्हीवरचे ते चौकोन आधीच बंद कर असं म्हणणारं तेव्हा कुणी भेटलं नाही, आणि किती जणांनी किती दिवस मान खाली घालून चहा प्याला, त्याचा हिशेब आता लागायचा नाही.

माझा शेवटचा दिवस आला तेव्हा विभागप्रमुख म्हणून माझ्या खुर्चीत इर्शाद बसणार होता आणि त्याच्या हाताखाली आणखी दोघं. हार-नारळ झालं, फोटो झाला. मी त्याला म्हणाले, आता माझं नाव बंद कर. तो घुटमळला. म्हणाला, मॅडम, उद्या करतो की, आजच काय घाई हाय.

"आजच," मी म्हणाले. "माझ्यासमोर."

त्यानं केलं. मग मी पलीकडच्या यंत्रापाशी बसले, माझं नाव टाकलं, पासवर्ड टाकला, बटण दाबलं. पडद्यानं क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि स्वच्छ सांगितलं, परवानगी नाही. चुकून टाकलं असेल म्हणून पुन्हा एकदा टाकलं. परवानगी नाही. शोधायच्या रकान्याचा, अहवालाच्या ओळीचा पत्ता थेट टाकूनही बघितला. आण्णांनी शोधलेली एकही फट उघडी नव्हती. जो विभाग बंद व्हायचा होता तो उभा होता, आणि त्यानं मला दारातनं परत पाठवलं होतं. मी इर्शादच्या पाठीवर हात ठेवला, पर्स उचलली आणि पॅकिंगच्या बाजूनं गेटकडं निघाले.